सशर्त संकलन (मायक्रोकंट्रोलर डिस्प्ले)

सशर्त संकलन (कंडिशनल कंपायलेशन) म्हणजे आज्ञावलीतील ठरावीक भाग विशिष्ट अट पूर्ण होत असेल तरच कंपायलरपुढे ठेवण्याची पद्धत होय. अट पूर्ण होत नसल्यास तो भाग संकलनापूर्वीच वगळला जातो आणि मायक्रोकंट्रोलरमध्ये भरल्या जाणाऱ्या अंतिम संकेतावलीत त्याचा अंशही राहत नाही. एकाच उपकरणाला वेगवेगळ्या प्रकारचे डिस्प्ले (दर्शक पटल) जोडण्याची सोय ठेवायची असेल, किंवा डिस्प्ले नसलेली आवृत्तीही त्याच मूळ आज्ञावलीतून तयार करायची असेल, तेव्हा ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. सी व सी++ या भाषांमध्ये हे काम प्रीप्रोसेसर करतो. मायक्रोकंट्रोलरची मेमरी अत्यंत मर्यादित असल्यामुळे वैयक्तिक संगणकाच्या तुलनेत येथे या पद्धतीचे महत्त्व अधिक आहे.

पार्श्वभूमी

मायक्रोकंट्रोलरला जोडले जाणारे डिस्प्ले दिसायला सारखे असले तरी त्यांच्याशी बोलण्याची रीत वेगवेगळी असते. प्रत्येक डिस्प्लेवर एक नियंत्रक चिप असते आणि आज्ञावलीला त्या चिपच्या आज्ञा पाळाव्या लागतात. नेहमी आढळणाऱ्या काही नियंत्रकांची वैशिष्ट्ये पुढीलप्रमाणे आहेत.

• एचडी४४७८०: हिताची कंपनीने तयार केलेला अक्षर-एलसीडीचा नियंत्रक. १६ अक्षरांच्या २ ओळी किंवा २० अक्षरांच्या ४ ओळी असलेल्या पटलांवर हा किंवा याच्याशी सुसंगत नियंत्रक असतो. यात ८० बाइटची दर्शक मेमरी असून अक्षरांचे आकार चिपमध्येच साठवलेले असतात. वापरकर्त्याला स्वतःची केवळ ८ अक्षरचिन्हे (५×८ बिंदूंची) तयार करता येतात.
• पीसीडी८५४४: फिलिप्स कंपनीचा नियंत्रक. नोकिया ५११० या मोबाइल फोनमुळे परिचित झालेल्या ८४×४८ बिंदूंच्या एकरंगी पटलावर वापरला जातो. पूर्ण चित्रासाठी ५०४ बाइट लागतात.
• एसएसडी१३०६: सोलोमन सिस्टेक कंपनीचा ओलेड नियंत्रक. १२८×६४ बिंदूंच्या एकरंगी पटलाच्या पूर्ण चित्रासाठी १,०२४ बाइट लागतात.
• एसएच११०६: एसएसडी१३०६ सारखाच वाटणारा ओलेड नियंत्रक, मात्र याची अंतर्गत मेमरी १३२ स्तंभांची असते.
• आयएलआय९३४१: २४०×३२० बिंदूंच्या रंगीत टीएफटी पटलाचा नियंत्रक. प्रत्येक बिंदूस १६ बिट धरल्यास एका पूर्ण चित्रासाठी १,५३,६०० बाइट लागतात.

जोडणीच्या पद्धतीतही फरक असतो. एचडी४४७८० हा नियंत्रक ४ बिटांच्या समांतर पद्धतीने जोडल्यास मायक्रोकंट्रोलरचे किमान ६ पिन खर्ची पडतात, तर आय२सी पद्धतीच्या ओलेडला २ पिन पुरतात. त्यामुळे डिस्प्ले बदलला की केवळ अक्षरे लिहिण्याची पद्धत बदलते असे नाही. पिनांची वाटणी, मेमरीचा वापर आणि पडदा ताजा करण्यास लागणारा वेळ हे सर्वच बदलते. प्रत्येक डिस्प्लेसाठी आज्ञावलीची स्वतंत्र प्रत ठेवल्यास एका प्रतीत दुरुस्त केलेली चूक दुसऱ्या प्रतीत तशीच राहण्याचा धोका असतो. सशर्त संकलनामुळे सामाईक भाग एकच राहतो आणि वेगळा भाग तेवढा निवडला जातो.

कार्यपद्धती

सी भाषेतील आज्ञावली यंत्रभाषेत रूपांतरित होण्यापूर्वी प्रीप्रोसेसिंगच्या टप्प्यातून जाते. या टप्प्यात आज्ञावलीकडे केवळ मजकूर म्हणून पाहिले जाते. '#' या चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळींना निर्देश (डायरेक्टिव्ह) म्हणतात. प्रीप्रोसेसर हे निर्देश वाचतो, इतर फायली समाविष्ट करतो, मॅक्रोंच्या जागी त्यांचे मूल्य घालतो आणि अटीत न बसणारा मजकूर काढून टाकतो. उरलेला मजकूर कंपायलरकडे जातो. वगळलेल्या भागातील चुका कंपायलरला दिसतच नाहीत. तो भाग अस्तित्वात नसलेल्या लायब्ररीचा उल्लेख करत असला तरी संकलन निर्वेध पार पडते.

येथील उदाहरणांत निर्देशांची व मॅक्रोंची नावे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष आज्ञावलीत निर्देश रोमन लिपीत लिहावे लागतात.

प्रमुख निर्देश पुढीलप्रमाणे आहेत.

• #डिफाइन: मॅक्रोची व्याख्या करतो.
• #इफडेफ: त्या नावाचा मॅक्रो अस्तित्वात असेल तर पुढील भाग ठेवतो. मूल्य काय आहे हे पाहत नाही.
• #इफनडेफ: मॅक्रो अस्तित्वात नसेल तर पुढील भाग ठेवतो.
• #इफ: पूर्णांकी पदावलीचे मूल्य शून्याव्यतिरिक्त असल्यास पुढील भाग ठेवतो.
• #एलिफ आणि #एल्स: पर्यायी शाखा दर्शवतात.
• #एंडइफ: अटीचा शेवट दर्शवतो.
• #एरर: दिलेला संदेश दाखवून संकलन थांबवतो.

इतिहास

असेंब्ली भाषेच्या मॅक्रो असेंबलरांमध्ये अटीनुसार आज्ञा गाळण्याची सोय सी भाषेच्या आधीपासून उपलब्ध होती. सी भाषेत प्रीप्रोसेसरचा समावेश १९७२-७३ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत झाला. भाषेचे जनक डेनिस रिची यांनी नमूद केल्यानुसार, ॲलन स्नायडर यांचा आग्रह तसेच बीसीपीएल व पीएल/१ या भाषांमधील फाइल-समावेशनाची उपयुक्तता यांमुळे ही सोय करण्यात आली. सुरुवातीला त्यात फायली समाविष्ट करणे आणि साध्या मॅक्रोंची व्याख्या करणे एवढेच शक्य होते. पुढे माइक लेस्क आणि नंतर जॉन रायझर यांनी त्यात घटकयुक्त मॅक्रो व सशर्त संकलन यांची भर घातली.

१९८९ च्या अमेरिकी मानकाने (ॲन्सी सी) या निर्देशांना प्रमाणित रूप दिले. २०२३ च्या सी मानकात #एलिफडेफ, #एलिफनडेफ आणि #वॉर्निंग हे निर्देश समाविष्ट झाले.

या पद्धतीवर टीकाही जुनी आहे. हेन्री स्पेन्सर आणि जेफ कॉलियर यांनी १९९२ मध्ये युझनिक्स परिषदेत मांडलेल्या निबंधात #इफडेफच्या अनिर्बंध वापरामुळे आज्ञावली वाचणे व सांभाळणे कठीण होते, असे प्रतिपादन केले. फरक आज्ञावलीभर विखुरण्याऐवजी सुव्यवस्थित इंटरफेसमागे ठेवावेत, हा त्यांचा मुख्य आग्रह होता. डिस्प्लेच्या बाबतीतही हाच सल्ला आज लागू पडतो.

नमुना रचना

पुढील उदाहरणात तीन पर्यायांपैकी एकाची निवड केली आहे.

#डिफाइन पडदा_नाही 1
#डिफाइन पडदा_एलसीडी 2
#डिफाइन पडदा_ओलेड 3

#इफनडेफ पडदा_प्रकार
  #डिफाइन पडदा_प्रकार पडदा_एलसीडी
#एंडइफ

#इफ पडदा_प्रकार == पडदा_एलसीडी
  #इन्क्लूड "पडदा_एलसीडी.एच"
#एलिफ पडदा_प्रकार == पडदा_ओलेड
  #इन्क्लूड "पडदा_ओलेड.एच"
#एलिफ पडदा_प्रकार == पडदा_नाही
  #इन्क्लूड "पडदा_रिक्त.एच"
#एल्स
  #एरर "पडद्याचा प्रकार ओळखता आला नाही"
#एंडइफ

या रचनेत तीन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे क्रमांकांची सुरुवात ० पासून न करता १ पासून केली आहे. #इफच्या पदावलीत ज्या नावाची व्याख्या झालेली नाही त्याचे मूल्य ० धरले जाते. समजा, 'पडदा_नाही' याचे मूल्य ० ठेवले आणि संकलन करताना कोणी 'पडदा_ओलेड' ऐवजी चुकून 'पडदा_ओलेद' असे लिहिले, तर प्रीप्रोसेसर कोणतीही तक्रार न करता पडदा नसलेली आवृत्ती तयार करील. क्रमांक १ पासून दिल्यास हीच चूक शेवटच्या #एल्स शाखेत पोहोचते आणि संकलन तेथेच थांबते.

दुसरी गोष्ट म्हणजे पर्याय एकमेकांना वगळणारे आहेत. प्रत्येक डिस्प्लेसाठी स्वतंत्र मॅक्रो ठेवून #इफडेफने तपासल्यास एकाच वेळी दोन मॅक्रो सुरू राहण्याची शक्यता असते. एकाच मॅक्रोला मूल्य दिल्यास ती उरत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे अटींचा वापर एकाच ठिकाणी झाला आहे. तीनही शीर्षफायलींमध्ये सारख्याच नावांची कार्ये असतात: उदाहरणार्थ, 'पडदा_सुरू()', 'पडदा_पुसा()' आणि 'पडदा_लिहा(ओळ, मजकूर)'. रिक्त फायलीत ही कार्ये असतात, पण त्यांच्यात काहीच केलेले नसते. मुख्य आज्ञावली 'पडदा_लिहा' एवढेच म्हणते. प्रत्यक्षात काय जोडले आहे याची तिला जाणीव नसते. इनलाइन म्हणून दिलेली रिक्त कार्ये कंपायलर पूर्णपणे काढून टाकतो, त्यामुळे त्यांचा भार पडत नाही.

मेमरीचा हिशोब

आर्डुइनो ऊनो या लोकप्रिय पाटीवर एटीमेगा३२८पी हा मायक्रोकंट्रोलर असतो. त्यात आज्ञावलीसाठी ३२ किलोबाइट फ्लॅश मेमरी, चल मूल्यांसाठी २ किलोबाइट एसरॅम आणि १ किलोबाइट ईईप्रॉम असते. १२८×६४ बिंदूंच्या एकरंगी ओलेडचे पूर्ण चित्र रॅममध्ये ठेवायचे झाल्यास १२८ × ६४ ÷ ८ = १,०२४ बाइट लागतात. म्हणजे उपलब्ध रॅमपैकी नेमकी निम्मी जागा एकट्या पडद्यासाठी जाते. अक्षर-एलसीडीला अशा प्रतिमेची गरज नसते, कारण अक्षरे त्याच्या नियंत्रकातच असतात. एटीटायनी८५ मध्ये एकूण रॅमच ५१२ बाइट असल्यामुळे हे चित्र तेथे मुळात मावत नाही.

रॅम अपुरी पडल्यास संकलनाच्या वेळी नेहमीच सूचना मिळते असे नाही. काही लायब्ररी पडद्याच्या प्रतिमेसाठी जागा आज्ञावली चालू झाल्यावर मागून घेतात. संकलनानंतर दाखवल्या जाणाऱ्या रॅमच्या आकड्यात ती जागा धरलेली नसते. अहवालात रॅम शिल्लक दिसते, परंतु प्रत्यक्षात जागा मिळत नाही आणि पडदा कोरा राहतो. यासाठी पडदा सुरू करणाऱ्या कार्याने परत दिलेले मूल्य तपासणे आवश्यक असते. स्थिर जागा राखून ठेवल्यास मात्र हा खर्च संकलनाच्या अहवालातच दिसतो.

फ्लॅश मेमरीवरील भारही वेगवेगळा असतो. चित्रात्मक पटलावर अक्षरे काढण्यासाठी अक्षरांचे आकार आज्ञावलीसोबत द्यावे लागतात. ५×७ बिंदूंच्या साध्या अक्षरसंचात प्रत्येक अक्षरास ५ बाइट लागतात. आस्कीतील ९५ छापील चिन्हांसाठी ते ४७५ बाइट होतात. मोठे किंवा सुबक अक्षरसंच याच्या अनेकपट जागा घेतात. न वापरलेला अक्षरसंच सशर्त संकलनाने वगळता येतो.

वेळेचाही विचार करावा लागतो. आय२सी पद्धतीत प्रत्येक बाइटामागे पोचपावतीसह ९ बिट जातात. १,०२४ बाइटांचे चित्र पाठवण्यास ९,२१६ बिट लागतात. ४०० किलोहर्ट्झ वेगाने यास सुमारे २३ मिलिसेकंद, तर १०० किलोहर्ट्झ वेगाने सुमारे ९२ मिलिसेकंद लागतात. मोटर किंवा संवेदक यांच्याकडे दर काही मिलिसेकंदांनी लक्ष द्यावे लागत असेल, तर डिस्प्ले बदलल्यामुळे यंत्राचे वर्तनच बदलू शकते. अशा वेळी पडदा ताजा करण्याचा कालावधीही डिस्प्लेच्या प्रकारानुसार सशर्त ठरवला जातो.

व्याख्येचे स्थान

मॅक्रोची व्याख्या कोठे दिली आहे यावर तिची व्याप्ती अवलंबून असते. सी व सी++ मध्ये प्रत्येक स्रोत फाइल स्वतंत्रपणे संकलित होते. एका फाइलीत दिलेली व्याख्या दुसऱ्या फाइलीला दिसत नाही.

आर्डुइनो वापरणाऱ्या नवशिक्यांना येथे हमखास अडचण येते. मुख्य आज्ञावलीच्या (स्केचच्या) सुरुवातीला पडद्याच्या आकाराची व्याख्या केली जाते आणि ती लायब्ररीलाही लागू होईल अशी अपेक्षा असते. परंतु लायब्ररीच्या स्रोत फायली वेगळ्या संकलित होत असल्यामुळे त्यांच्यापर्यंत ही व्याख्या पोहोचत नाही. याचा सर्वांत घातक परिणाम शीर्षफाइलीच्या बाबतीत होतो. स्केचमध्ये समाविष्ट झालेली शीर्षफाइल उंची ३२ बिंदू मानते व प्रतिमेसाठी ५१२ बाइट राखते. तीच शीर्षफाइल लायब्ररीत समाविष्ट होताना उंची ६४ बिंदू मानते व १,०२४ बाइट लिहिते. दोन्ही भाग आपापल्या जागी बिनचूक असतात. त्यामुळे कंपायलर किंवा लिंकर तक्रार करीलच असे नाही. मात्र आज्ञावली शेजारच्या चलांची जागा पुसून टाकते. परिणामी दोष पडद्यावर न दिसता भलत्याच ठिकाणी, उदाहरणार्थ संवेदकाच्या मोजमापात, प्रकट होतो.

व्याख्या सर्व फायलींपर्यंत पोहोचवण्याचे प्रचलित मार्ग असे:

• संकलनाच्या आज्ञेतच व्याख्या देणे. जीसीसी कंपायलरमध्ये यासाठी 'वजा डी' हा पर्याय असतो. प्लॅटफॉर्मआयओसारख्या प्रणालीत तो प्रकल्पाच्या मांडणी-फाइलीत लिहिता येतो आणि प्रत्येक डिस्प्लेसाठी वेगळे एन्व्हायर्नमेंट ठेवता येते.
• एक स्वतंत्र मांडणी-शीर्षफाइल ठेवून ती सर्व फायलींमध्ये सर्वप्रथम समाविष्ट करणे.
• लायब्ररीने मॅक्रोऐवजी रुंदी व उंची ही मूल्ये वस्तू तयार करताना घटक म्हणून स्वीकारणे.

अडाफ्रूट कंपनीच्या एसएसडी१३०६ लायब्ररीचा प्रवास या संदर्भात बोलका आहे. तिच्या जुन्या आवृत्त्यांत पडद्याचा आकार निवडण्यासाठी लायब्ररीची शीर्षफाइल उघडून योग्य ओळ सुरू करावी लागे; उंची न जुळल्यास लायब्ररीच्या उदाहरण-आज्ञावलींतील #एरर निर्देश शीर्षफाइल दुरुस्त करण्यास सांगे. पुढील आवृत्त्यांत रुंदी व उंची घटक म्हणून देण्याची सोय झाली व शीर्षफाइलीत हात घालण्याची गरज संपली.

प्रचलित प्रकल्पांतील वापर

मार्लिन हे त्रिमितीय मुद्रकांसाठीचे मुक्त फर्मवेअर २०११ पासून विकसित होत आहे. त्यात डिस्प्लेची निवड मांडणी-फाइलीतील मॅक्रोंद्वारे केली जाते. अक्षर-एलसीडी, चित्रात्मक एलसीडी आणि स्पर्शपटल अशा अनेक पर्यायांपुढे टिप्पणीचे चिन्ह असते. हव्या त्या ओळीचे चिन्ह काढले की तो पर्याय सुरू होतो. एकापेक्षा अधिक पर्याय सुरू राहिल्यास तपासणीसाठी ठेवलेली स्वतंत्र फाइल संकलन थांबवते. पडद्यावरील मजकुराची भाषाही अशाच मॅक्रोने निवडली जाते.

टीएफटी_ईएसपीआय या रंगीत पटलांच्या लायब्ररीत नियंत्रकाचे नाव व पिनांचे क्रमांक एका मांडणी-फाइलीत लिहावे लागतात. पिन संकलनाच्या वेळीच ठाऊक असल्यामुळे वेगवान संकेत तयार करता येतो, हा या पद्धतीचा लाभ आहे.

एलव्हीजीएल या चित्रात्मक इंटरफेसच्या लायब्ररीत रंगखोली, अक्षरसंच व घटक यांची निवड एकाच मांडणी-फाइलीतून होते. तिच्यासोबत मिळणाऱ्या नमुना-फाइलीचा सर्व मजकूर '#इफ ०' या अटीत बंद केलेला असतो. ती फाइल वापरकर्त्याने जाणीवपूर्वक सुरू करावी, असा त्यामागील हेतू आहे.

यू८जी२ या लायब्ररीत वेगळा मार्ग दिसतो. येथे नियंत्रक व जोडणी यांची निवड विशिष्ट नावाच्या कन्स्ट्रक्टरने होते. पूर्ण प्रतिमा रॅममध्ये ठेवण्याऐवजी ८ बिंदू उंचीच्या पट्ट्यांत चित्र काढण्याची सोय असल्यामुळे १२८×६४ बिंदूंच्या पटलाला एका पट्टीसाठी १२८ बाइट पुरतात. त्या बदल्यात प्रत्येक पट्टीसाठी चित्र पुन्हा काढावे लागते.

देवनागरी मजकूर

मराठी मजकूर दाखवायचा असल्यास डिस्प्लेची निवड निर्णायक ठरते. एचडी४४७८० च्या प्रमाणित अक्षरसंचांत देवनागरी नाही. वापरकर्त्याच्या ८ चिन्हांमध्ये अंक किंवा एखादा छोटा शब्द बसवता येतो. जोडाक्षरे, वेलांट्या व उकार यांसह पूर्ण वाक्य दाखवणे शक्य होत नाही. चित्रात्मक पटलावर ते शक्य आहे, परंतु तेथेही चिन्हे एकापुढे एक ठेवून भागत नाही. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते आणि दिसते मात्र त्याच्या आधी. रफार पुढील अक्षराच्या डोक्यावर जातो. हा मजकूर मांडणारे इंजिन लहान मायक्रोकंट्रोलरला पेलत नसल्याने आवश्यक शब्दांची बिंदुचित्रे आधीच तयार करून फ्लॅश मेमरीत ठेवण्याचा मार्ग अवलंबला जातो.

युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीतील प्रत्येक वर्णचिन्ह ३ बाइट घेते. 'तापमान' या शब्दात काने धरून ६ वर्णचिन्हे असल्यामुळे त्याला १८ बाइट लागतात. एव्हीआर कुळातील मायक्रोकंट्रोलरांत साधी अक्षरमाला आज्ञावली सुरू होताना रॅममध्ये उतरवली जाते. त्यामुळे अनेक संदेश असल्यास ते फ्लॅशमध्येच राहतील अशी व्यवस्था करावी लागते. भाषा निवडण्यासाठी सशर्त संकलन वापरल्यास एका वेळी एकाच भाषेचे संदेश संकेतावलीत येतात. अक्षर-एलसीडीसोबत मराठी भाषा निवडली गेल्यास #एररद्वारे संकलन थांबवणे इष्ट ठरते. अन्यथा पडद्यावर अर्थहीन चिन्हे उमटतात.

नेहमीच्या चुका

• #इफडेफ व #इफ यांची गल्लत: मॅक्रोला ० हे मूल्य देऊन तो 'बंद' केला, तरी #इफडेफ त्याला अस्तित्वात असलेला मानतो आणि तो भाग ठेवतो. एका प्रकल्पात दोन्हींपैकी एकच पद्धत पाळणे सोयीचे असते.
• नावातील चूक: अज्ञात नावाचे मूल्य ० धरले जात असल्याने चूक लक्षात येत नाही. जीसीसीमधील 'डब्ल्यूअनडेफ' ही सूचना सुरू केल्यास #इफमधील अज्ञात नावे दाखवली जातात.
• ईनमचा वापर: प्रीप्रोसेसरला ईनममधील नावे ठाऊक नसतात. दोन वेगवेगळ्या ईनम-नावांची #इफमध्ये तुलना केल्यास दोन्हींचे मूल्य ० होते आणि तुलना नेहमीच खरी ठरते. निवडीची मूल्ये #डिफाइननेच द्यावी लागतात.
• साइझऑफचा वापर: #इफमध्ये आकारमान मोजता येत नाही, कारण त्या टप्प्यात प्रकारांची माहिती उपलब्ध नसते. अशी तपासणी सी११ व सी++११ पासून उपलब्ध असलेल्या स्टॅटिक ॲसर्टने करता येते.
• सारख्या दिसणाऱ्या नियंत्रकांची अदलाबदल: एसएच११०६ चे १२८ स्तंभांचे पटल त्याच्या १३२ स्तंभांच्या मेमरीत सहसा २ स्तंभ सरकवून जोडलेले असते. एसएसडी१३०६ साठी संकलित केलेली आज्ञावली त्यावर चालवल्यास चित्र सरकते किंवा विस्कटते.

पर्याय

चालू स्थितीत निवड: आज्ञावली सुरू झाल्यावर कोणता डिस्प्ले जोडला आहे हे तपासून त्यानुसार वागता येते. आय२सी पद्धतीत उपकरणाचा पत्ता तपासणे सोपे असते, परंतु ते निर्णायक नसते. एसएसडी१३०६ चा पत्ता सामान्यतः षोडशमान पद्धतीत ३सी किंवा ३डी असतो. एसएच११०६ देखील ३सी वापरतो. अक्षर-एलसीडीमागे लावल्या जाणाऱ्या पीसीएफ८५७४ए या चिपची पत्त्यांची मर्यादा ३८ ते ३एफ असल्याने तीही याच पत्त्यावर असू शकते. शिवाय सर्व डिस्प्लेंची आज्ञावली मेमरीत ठेवावी लागते.

सी++ मधील व्हर्च्युअल कार्ये: सामाईक मूळ वर्गापासून प्रत्येक डिस्प्लेचा वर्ग तयार करता येतो. रचना स्वच्छ राहते. मात्र एव्हीआर कुळासाठीच्या जीसीसीमध्ये व्हर्च्युअल कार्यांची कोष्टके रॅममध्ये जागा घेतात.

साधी इफ अट: अटीतील मूल्य स्थिर असल्यास कंपायलर निरुपयोगी शाखा काढून टाकतो. दोन्ही शाखा तपासल्या जात असल्याने वापरात नसलेल्या शाखेतील चुकाही लगेच कळतात. परंतु दोन्ही शाखांतील लायब्ररी उपलब्ध असाव्या लागतात. सी++१७ मधील 'इफ कॉन्स्टएक्सपीआर' ही सोय टेम्प्लेटमध्ये अधिक लवचीक आहे.

स्वतंत्र फायली: प्रत्येक डिस्प्लेची स्रोत फाइल वेगळी ठेवून कोणती संकलित करावी हे बांधणी-प्रणालीला सांगता येते. या पद्धतीत आज्ञावलीत अटी जवळजवळ उरत नाहीत. झेफर या कार्यप्रणालीत केकॉन्फिग व डिव्हाइसट्री यांच्या साहाय्याने अशी निवड केली जाते.

इतर भाषा: रस्ट भाषेत सीएफजी हे विशेषण वापरून सशर्त संकलन केले जाते.

मर्यादा आणि चाचणी

सशर्त संकलनाचा मुख्य तोटा म्हणजे न निवडलेला भाग नकळत बिघडत जातो. मुख्य आज्ञावलीत एखाद्या कार्याचे नाव बदलले आणि नेहमी ओलेडसाठीच संकलन होत राहिले, तर एलसीडीच्या शाखेतील जुने नाव अनेक महिने तसेच राहू शकते. ज्या दिवशी कोणी एलसीडी निवडतो त्या दिवशी चूक बाहेर येते, आणि तोवर मूळ बदल कोणाच्या स्मरणात नसतो.

पर्यायांची संख्या वाढते तशी संयोगांची संख्या झपाट्याने वाढते. केवळ सुरू व बंद अशा १० स्वतंत्र मॅक्रोंपासून १,०२४ वेगवेगळ्या आवृत्त्या तयार होऊ शकतात. सर्वांची प्रत्यक्ष उपकरणावर चाचणी घेणे अशक्य असते. मात्र किमान प्रत्येक डिस्प्लेसाठी एकदा संकलन करून पाहणे स्वयंचलित पद्धतीने सहज करता येते. प्रत्येक बदलानंतर सर्व आवृत्त्या संकलित करणे व त्यांचा मेमरीवापर नोंदवणे, यामुळे बहुतेक दोष लवकर उघड होतात.

तयार उपकरणात कोणती आवृत्ती भरली आहे हे नंतर ओळखता यावे, यासाठी निवडलेल्या डिस्प्लेचे नाव सुरुवातीला सिरीयल मार्गाने पाठवण्याची पद्धत उपयुक्त आहे. पडदा कोरा असताना दोष तारेत आहे, नियंत्रकात आहे की चुकीच्या संकलनात आहे, हे ठरवण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग होय.

हेही पहा

• मायक्रोकंट्रोलर
• सी (प्रोग्रॅमिंग भाषा)
• कंपायलर
• आर्डुइनो
• द्रव स्फटिक पटल
• आय२सी
• युनिकोड